बाबांनी न प्यायलेली दारू

नवतपा लागला की आमच्या नागपुरात माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, पारा विचारतात. "आज किती गेला?" एवढंच. मे महिन्याच्या शेवटाचे हे नऊ दिवस आले की सकाळी नऊपासूनच रस्ते ओस पडायला लागतात. दुपट्ट्यानं तोंड बांधलेल्या पोरी स्कूटीवरून भर्रकन निघून जातात, आणि दुपारी आमच्या कॉलनीत एकही दार उघडं दिसत नाही. घराघरातून कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. शेजारच्या वहिनी परवा म्हणाल्या, "काय मस्त वास येते ना हो काकू, लहानपण आठवते." मी हो म्हटलं. काय सांगणार? आमच्याकडे कूलर नव्हता, वाळाही नव्हता, आणि नवतप्याचं मला जे आठवतं ते वहिनींना दारात उभं राहून सांगण्यासारखं नाही.

लाज ही मोठी विचित्र चीज आहे बाप्पा. दुःख निवतं. राग तर माझा दुधासारखा, उतू गेला की संपला. पण लाज? ती दरवर्षी याच दिवसांत येते आणि मला दुपारची झोप लागू देत नाही. पन्नास वर्षं होत आली. तेव्हाची माणसं बहुतेक गेली, वस्ती ओळखू येत नाही, गिरणी बंद पडून जमाना झाला. तरी दुपारी पडल्या पडल्या ते एक वाक्य कानात येतं आणि माझे कान गरम होतात. वय झालं म्हणून सूट मिळेल असं वाटलं होतं, तेही नाही.

आम्ही तेव्हा इंदोऱ्याकडे राहायचो. दोन खोल्या, वर कौलं, कुडाच्या भिंती. कुडाची भिंत म्हणजे इकडे शिंकलं की तिकडून शेवंताकाकू विचारणार, "काय वं शकू, सर्दी झाली का?" बाबा गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होते. माय विड्या वळायची. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते, आणि माझ्या पाठचा विलास, तेरा-चौदा वर्षांचा.

उन्हाळा मला तसा आवडायचा, हे खोटं कशाला बोलू. रात्री अंगणात खाटा टाकायच्या, जमिनीवर पाणी शिंपडायचं, त्यातून वाफ निघायची. सकाळी माय आंबील करायची, वरून कांदा कापून. बाहेर जाताना खिशात कांदा ठेवायचा म्हणजे लू लागत नाही. विलासच्या खिशातला कांदा संध्याकाळपर्यंत चेंदामेंदा होऊन यायचा आणि मायचे हात कपडे धुताना वासानं भरायचे. "हा पोट्टा जाते तरी कुठं दिवसभर?" ती म्हणायची. आम्हांला खरंच माहीत नव्हतं.

तो सायकली चालवत होता. लोकांच्या. इतवारीत कापडाच्या दुकानासमोर कुणी सायकल टेकवून आत गेलं की हा गडी टांग टाकून पसार. विकायचा वगैरे काही नाही. कामठीपर्यंत जायचा, परत यायचा, आणि लकडगंजात एखाद्या आरामशीनच्या मागे लाकडांच्या थप्पीला ती टेकवून पायी घरी. तिसऱ्या सायकलीच्या वेळी मालकाच्याच हाती सापडला. चौकी झाली, बाबांची मान खाली झाली, आणि विलास रिमांड होममध्ये गेला. वस्तीत आम्ही सांगितलं की तो मामाकडे भंडाऱ्याला गेला आहे. सगळे हो का, हो का म्हणाले. सगळ्यांना माहीत होतं.

आता बाबांबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबांनी छप्पन साली, ऐन जवानीत, लाखो लोकांबरोबर दीक्षा घेतली, आणि त्या दिवसापासून दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. रविवारी विहारात वंदना व्हायची ती बाबा सांगायचे, म्हणजे पुढे बसून पाच शीलांतलं एकेक शील म्हणायचे आणि बाकीचे त्यांच्यामागून म्हणायचे. चौथं खोटं न बोलण्याचं आणि पाचवं नशापाणी न करण्याचं. पाचव्याला बाबांचा आवाज जरा चढायचा. कारण होतं. पगाराच्या दिवशी गुत्त्यावर आडवं होणारी माणसं वस्तीत होती, त्यांत शेवंताकाकूंचा नवराही. त्यांच्या बायका बाबांनाच बोलवायला यायच्या. बाबा जायचे, त्या माणसाला खांद्यावर घालून आणायचे, खाटेवर टाकायचे, आणि सकाळी त्याच्या दारात जाऊन बसायचे. शिवी नाही, उपदेश नाही. तो उठेपर्यंत नुसते बसायचे. मला त्या बसण्याचा तेव्हा फार अभिमान होता.

नवतप्याच्या आधीच्या भेटीत विलासनं सांगितलं, "एक बाई येते आमच्याकडं. लय विचारते. घरी बी येनार हाये. तिच्याच हातात हाये सगळं."

तिच्याच हातात! झालं, आमच्या घरात धांदल उडाली. जूनमध्ये विलासची केस कोर्टापुढे यायची होती. घर चांगलं दिसलं तर शाळा उघडायच्या आत पोरगा घरी, असं बाबांनी मनाशी धरलं. मायनं दोन्ही खोल्या सारवल्या. वस्तीतल्या एका कारकुनाच्या घरून खुर्ची आणली, कप आणले. मी कैरीचं पन्हं केलं आणि माठाला ओलं फडकं गुंडाळलं. बाबांनी खाडा केला. गिरणीतून खाडा म्हणजे पगार बुडाला, पण बाबा धुतलेला सदरा घालून सकाळपासून दाराशी बसून राहिले.

त्या बाईच्या हातात काहीही नव्हतं. ती रिमांड होमचीही नव्हती आणि कोर्टाचीही नव्हती. कुठल्याशा कॉलेजातून संशोधन करायला आलेली पंचविशीतली मुलगी होती. कुमुद तिचं नाव. आम्ही कुमुदबाई म्हणालो. तिनं बहुतेक ते आम्हांला आल्या आल्या सांगितलंही असेल, "मी फक्त अभ्यास करते" वगैरे. पण सरकारी माणूस असंच बोलतो, असं आम्हांला वाटलं.

ती भर दुपारी आली. छत्री, ओला टॉवेल, तोंड लालबुंद. पन्ह्याचे दोन ग्लास एका दमात प्यायली आणि तिसऱ्याला लाजली. आम्ही तिला खुर्ची दिली आणि सगळे खाली बसलो, तर ती खुर्ची सोडून चटईवर आमच्यासमोर येऊन बसली. मला ती तिथेच आवडली. आजही तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही.

"विलास किती महिन्यांचा असताना बसायला लागला?" तिनं विचारलं.

मायनं माझ्याकडे पाहिलं. "बसाले? बसला असनच ना बाई. पोट्टं बसल्याबिगर राह्यते का?"

"आणि चालायला?"

"चालला की. चालला, म्हनून तं हे झालं."

बाबांनी घसा खाकरला. मग मायनं जे आठवेल ते सांगायला सुरुवात केली. दूध कधी तोडलं, दात कधी आले, गोवर आला होता का, अंधाराला भ्यायचा का, खेळात हरला तर मारामारी करायचा का, एकटा बसायचा का. मला बसल्या बसल्या कळत होतं की यातले दात माझे आहेत, गोवर माझा आहे आणि अंधाराला भिणारी तर मीच. मायला तीन बाळंतपणं आणि एक गेलेलं मूल यांतून कोण कधी रांगलं हे कुठून आठवणार? पण बाई मन लावून ऐकत होती आणि मान हलवत होती, त्यामुळे मायला वाटलं की आपलं बरोबर चाललं आहे.

बाई हे सगळं काहून विचारते, ते मला पुढे कळलं. कारण मी तोच विषय शिकले आणि जन्मभर शिकवला. मानव विकास. माणसाचं आयुष्य टप्प्याटप्प्यानं पुढे जातं. तान्हेपणी भरवसा बसायचा असतो, मग स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं, मग काम जमतं आहे असं वाटायचं असतं, आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी आपण कोण हे कळायला लागायचं असतं. एखाद्या टप्प्यावर गाडी अडली की पुढच्या टप्प्यांना त्रास. वर्गातल्या मुली पहिल्या दिवशी हसायच्या, "मॅडम, एस.टी.सारखं?" मी म्हणायची, हो गं, तसंच, फक्त इथं मागे राहिलेल्या प्रवाशाला घ्यायला परत जाता येत नाही. चोरी करणारा मुलगा कुठल्या टप्प्यावर अडला आणि कुणामुळे अडला, हे कुमुदबाई शोधत होती. पोरांना जन्मतः गुन्हेगार म्हणणाऱ्या लोकांपेक्षा हे हजार पटीनं चांगलं, असं मी आजही छातीठोक सांगेन. फक्त त्या सगळ्यात, सायकल आवडते म्हणून सायकल नेणाऱ्या पोराला जागा नव्हती. कारण पाहिजेच होतं. आणि चांगल्या घराला कारण आणायचं कुठून?

ते विलासनं आणून दिलं होतं.

बाईनं पन्ह्याचा ग्लास बाजूला ठेवला आणि अगदी हळू, बाबांकडे न पाहता मायला विचारलं, "तुमचे मिस्टर रोज पितात, की पगाराच्या दिवशी?"

माय हसली. खरंच हसली, तोंडाला पदर लावून. "कोन? हे? अवं बाई, हे तं..."

"विलासनं मला सांगितलं आहे सगळं," बाई म्हणाली. "तुम्ही घाबरू नका. बाबा पिऊन येतात, मारतात, म्हणून तो घराबाहेर राहतो. सायकल घेऊन लांब जातो. मला फक्त समजून घ्यायचं आहे."

मायचं हसू तोंडातच राहिलं. तिचा चेहरा असा झाला की आता ही ओरडणार. "खोट..." एवढं तिच्या तोंडून निघालंही. आणि बाबा दाराजवळून म्हणाले,

"पेतो बाई."

हेच ते वाक्य.

"रोज नाही. पगाराच्या दिसी. कधी मंधात बी."

मग बाई विचारत गेली आणि बाबा सांगत गेले. गुत्ता कुठं आहे, बरोबर कोण असतं, घरी येताना पाय कसे पडतात, बायको तांदळाच्या डब्यात पैसे लपवते ते कसे शोधायचे, सकाळी तोंड कसं दाखववत नाही. सगळं अगदी बरोबर सांगितलं. माहीतच होतं ना त्यांना! वर्षानुवर्षं ती माणसं खांद्यावरून आणली होती. शेवंताकाकूंच्या घरातली एकेक गोष्ट बाबांनी आपल्या घरात आणून ठेवली. "मारता?" बाईनं विचारलं. बाबा म्हणाले, "हात उठते कधी कधी." त्या हातानं आम्हांला कधी टपली मारली नव्हती.

मग बाई माझ्याकडे वळली. "तुला भीती वाटते का बाबांची?"

मी खाली चटईकडे पाहत राहिले. हो म्हणवेना, नाही म्हटलं तर सगळंच कोसळलं असतं. मी बोललेच नाही, आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचा मला फार राग आला. पण खरं सांगू? त्या वेळी मला बाबांची कणव नाही आली. मला लाज वाटत होती ती भिंतीची. पलीकडे शेवंताकाकूंच्या सुपातली विडीच्या तेंदूपानांची कुरकुर केव्हाची थांबली होती. नवतप्याची दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि बाबांचा आवाज शीलं सांगायचा आवाज, स्पष्ट. चार घरांत गेला असेल.

बाई गेली आणि माय फुटली. "काहून सांगतलं असं? काहून? सारी वस्ती थुंकन ना आता तोंडावर!"

बाबांनी सदरा काढून खुंटीला अडकवला. घामानं भिजला होता. "पोट्ट्यानं सांगतलं तं काही सोचूनच सांगतलं असन," ते म्हणाले. "मी नाही म्हनलो असतो तं काय झालं असतं? चोर तं लिहिलाच हाये त्याले. वरून खोटारडा लिहिला असता."

"मंग तुमी दारुडे व्हा!"

"घर चांगलं निघालं तं पोट्टंच खराब ठरते ना वं. घर खराब ठरू दे."

माय रडायला लागली. बाबा एकटेच हसल्यासारखं करून म्हणाले, "पाचवं मोडलं असं सांगाले चौथं मोडा लागलं." ते हसणं मला आजही पाहवत नाही.

पुष्कळ वर्षांनी विलासनं मला सांगितलं, की रिमांड होममधल्या मोठ्या पोरांनी त्याला शिकवलं होतं. बाईसमोर घर चांगलं सांगितलंस तर तू हरामी ठरशील, बाप दारुडा सांग, बाईच्या डोळ्यांत पाणी येते, सुटका होते. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे बाप खरेच पीत होते, त्यांना काही रचावं लागलं नाही. विलासजवळ सांगण्यासारखं काहीच नव्हतं. "मले शरम वाटे," तो म्हणाला, "सगळ्यायजवळ कारण होतं." बाई घरी येऊन बाबांनाच विचारेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या बापाचा आणि त्या पोरांचा हिशेब मात्र एकच निघाला. दोघांनीही शास्त्र न शिकता ते शास्त्र ओळखलं होतं.

त्या रविवारी बाबा विहारात गेले आणि मागच्या ओळीत जाऊन बसले. कुणी काही म्हटलं नव्हतं. पुढे बसायला बोलावलं तर म्हणाले, "घसा बसला." पुढच्या रविवारीही घसा बसलेला. मग दुसऱ्या कुणीतरी वंदना सांगायला घेतली. रस्त्यात भेटणारी माणसं जयभीम घालत होती, पण एक पाऊल लांबून. बाबांना जन्मभर ओळखणारी माणसं! काहींनी विश्वास ठेवला नाही, काहींनी ठेवला. नळावर एक बाई मला ऐकू येईल अशी म्हणाली, "लोकाले सांगे ब्वा, अन सोता घरात बसून पेत होता." मी घागर अर्धी भरलेली तशीच उचलून घरी आले. उलटून बोलायला मी काही कमी नव्हते. पण काय बोलणार? बाबांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं.

आणि एवढं करून झालं काय? जूनमध्ये कोर्टात साहेबांनी सांगितलं, घरचं वातावरण बरं नाही, मुलाला तिथे पाठवणं योग्य होणार नाही. कुमुदबाईनं त्यांना भेटून तसं कळकळीनं सांगितलं होतं. मुलाच्या भल्यासाठीच. तिला कळवळा नसता तर ती काही बोललीच नसती आणि विलास सरळ घरी आला असता. हे मी माझ्या विद्यार्थिनींना कधी सांगू शकले नाही. विलासला दूरच्या शाळेत, म्हणजे कोंडवाड्यातच, दोन वर्षं ठेवायचं घाटत होतं.

बाबांपुढे सरळ वाट होती. साहेब, मी पीत नाही, पोरगा खोटं बोलला. ते उभे राहिले आणि म्हणाले, "सोडतो साहेब. आजपासून सोडतो."

साक्षीला कोण आलं असेल? शेवंताकाकूंचा नवरा! त्या दिवशी न पिता, केसांना तेल लावून. "सोडलीच म्हना साहेब त्यानं," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "म्या डोयानं पाह्यलं." मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. साहेबांनी बाबांकडून हमी घेतली आणि पोरगा दिला. अट एकच, वर्षभर दर महिन्याला मुलाला घेऊन हजर व्हायचं.

हजर व्हायचं म्हणजे काय, ते विलासनं सांगितलं तेव्हा कळलं. साहेबांच्या खोलीबाहेर एक चपराशी असायचा. तो बाबांना म्हणायचा, "हं, फुंका." बाबा वाकून त्याच्या तोंडासमोर फुंकायचे. चपराशी नाक पुढे करून वास घ्यायचा आणि आत मान हलवून सांगायचा. शेजारी विलास उभा. बाकीचे बाप, बाकीच्या आया, रांगेत. बाबा रोज सकाळी एकदा दात घासायचे, त्या दिवशी दोनदा घासायचे, हे मी पाहत होते. काहून, ते आधी कळत नव्हतं. ज्याच्या तोंडाला कधी वासच नव्हता तो माणूस दोनदा दात घासून जात होता.

विलासनं परत सायकल चोरली नाही. माझ्या शास्त्राला विचारलं तर ते म्हणेल, घरचं वातावरण सुधारलं, वडिलांनी व्यसन सोडलं, मुलगा वळणावर आला. सगळं बरोबर जुळतं. त्यात एकही गोष्ट खरी नाही. वर्गात 'व्यसनी पिता आणि कुमारवयीन मुलगा' हे शिकवायला लागायची तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून बोलायची, मुलींना वाटायचं मॅडम लिहितात. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एखादं उदाहरण सांगा ना." मी तिच्यावर विनाकारण खेकसले. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी संत्र्याची बर्फी नेली, तिला काही अर्थबोध झाला नाही.

शेवटची हजेरी पुढच्या वर्षी पुन्हा नवतप्यातच आली. मी तेव्हा कॉलेजात जात होते. बाबा म्हणाले, "तू बी चाल शकू. शिकेल पोरगी संगं असली तं साहेब बरा बोलते." आम्ही तिघं सकाळीच निघालो, डोक्याला फडकी बांधून. चपराश्यापुढे बाबा वाकले. मी पाहिलं. वर्षभर ऐकत होते, त्या दिवशी पाहिलं. रांगेतली एक बाई माझ्याकडे पाहून ओळखीचं हसली, म्हणजे तुझंही असंच का, अशी. मी दुसरीकडे पाहिलं. हा आपला बाप नाही असं कुणाला वाटलं तर बरं, असं मला त्या क्षणी वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण वाटलं ते वाटलं.

साहेब खुश होते. "शाब्बास! वर्षभरात एकदाही वास नाही. मनावर घेतलं की सुटते, बघा." मग विलासकडे वळून म्हणाले, "पाहिलंस रे? तुझ्यापायी वडिलांनी एवढी मोठी गोष्ट सोडली. पाया पड त्यांच्या."

विलास हलला नाही. वर्षभरात तो चांगला वीतभर उंच झाला होता. आवाज फुटला होता.

"काहीच नाही सोडलं त्यायनं," तो म्हणाला. "माहा बाप पेतच नव्हता. कधीच नाही. म्या खोटं सांगतलं होतं बाईले."

साहेबांचा पेन तसाच हातात. आणि बाबांचा हात उठला. खाडकन आवाज झाला. विलास भिंतीला टेकला. बाबांनी आयुष्यात कुणाला मारलेली ती पहिली थप्पड.

"खोटं बोलून राहिलं पोट्टं, साहेब," बाबा म्हणाले. "तुमी करा सही."

साहेबांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं, मग माझ्यावर नजर ठेवली. "तू मोठी ना? कॉलेजात जातेस ना? सांग बरं, कोण खरं बोलतंय?"

मला माहीत होतं. खरं बोलले असते तर वर्षाची हमी, साक्ष, सगळंच खोटं ठरलं असतं, फाइल पुन्हा उघडली असती आणि विलासचं काय झालं असतं कोण जाणे. निदान मी मनाची अशी समजूत घालते. पण त्या वेळी मी एवढा विचार केला नव्हता. मला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं. मी बाबांच्या पायांकडे पाहत म्हणाले, "बाबा खरं बोलतात, साहेब."

साहेबांनी सही केली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. फाटकापाशी झाडाखाली बाबा थांबले आणि त्यांनी विलासच्या गालावर हात ठेवला. बोटं उमटली होती. "दुखलं का रे?" म्हणाले. "झालं आता. सुटला तू. आता तुले कोनी चोर म्हननार नाही."

विलासनं तो हात धरला आणि तसाच गालावर दाबून ठेवला.

"अन तुमी?" तो म्हणाला. "तुमी तं दारुडेच राह्यले ना बाबा."

खांद्यावरचा दुपट्टा काढून बाबांनी विलासच्या डोक्याला बांधला, कानावरून घट्ट, आणि आम्ही तिघं घराकडे चालायला लागलो.